उत्तरेकडील शर्मिष्ठा हिचे प्रकरणी

वीरभद्र मास्तरांनी आभाळाकडे बोट दाखवलं आणि हाळंबी गावात भांडण लागलं.

मास्तरांचा हेतू वाईट नव्हता. बायकांचा प्रौढ शिक्षण वर्ग शाळेच्या ओट्यावर दिवेलागणीनंतर तासभर भरायचा. त्या संध्याकाळी रॉकेल नव्हतं. मास्तरांनी कंदील कानाशी धरून हलवून पाहिला, आतून काहीच आवाज आला नाही. वर्ग सोडून द्यावा, तर उद्या निम्म्या बायका येणार नाहीत. हजेरी घसरली की वर्ग बंद पडणार आणि अहवालात मास्तरांचं नाव जाणार. म्हणून त्यांनी पाट्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि म्हणाले, "आज आपण आभाळ वाचू."

डिसेंबर महिना होता. त्या साली पाऊस औशापर्यंत येऊन परत गेला होता, असं गावात म्हणत. धुवायला थेंब नव्हता, तरी आभाळ मात्र धुतल्यासारखं लख्ख होतं.

"मास्तर, त्या उत्तरंला पाच चांदण्या कसल्या हायत?" सरजाबाईनं विचारलं. "बाजंची सुतळी ढिली पडल्यावानी दिसायल्यात त्या?"

"ती शर्मिष्ठा," मास्तर खूश होऊन म्हणाले. "विलायतेत या चांदण्यांना एका गर्विष्ठ राणीचं नाव आहे. आपल्याकडच्या जाणत्या लोकांनी तिथं महाभारतातलं एक घराणंच्या घराणं नेऊन बसवलं. ही शर्मिष्ठा, वृषपर्वा राजाची लेक. डोक्यावर ती देवयानी, राजाच्या गुरूंची लेक. दोघी मैत्रिणी. एक दिवस पाण्यावर गेल्या, लुगडी काठावर ठेवली. वारा सुटला, लुगड्यांची सरमिसळ झाली आणि शर्मिष्ठा चुकून देवयानीचं लुगडं नेसली."

ओट्यावर कुणीतरी खोकलं.

"मग?" सरपंचांच्या पार्वतीबाईंनी विचारलं. त्या नेहमी पुढं बसायच्या.

"मग काय! देवयानी म्हणाली, माझं लुगडं नेसायची तुझी हिंमत कशी झाली? शर्मिष्ठा म्हणाली, तुझा बाप माझ्या बापाच्या जिवावर खातो, आणि तू मला बोलतेस? शब्दाला शब्द लागला. शर्मिष्ठेनं देवयानीला ढकललं कोरड्या विहिरीत आणि गेली घरी निघून."

आता कुणी खोकलंसुद्धा नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत मास्तरांच्या वर्गात एवढी शांतता कधी झाली नव्हती. त्यांना वाटलं, वर्ग रंगला.

"पुढं ययाती राजा तिथून चालला होता. त्यानं वाकून पाहिलं, देवयानीचा उजवा हात धरला आणि तिला वर काढलं. तेव्हा ती म्हणाली, तुम्ही माझा हात धरलात, आता तुम्हीच माझे पती."

"आन त्यानं केलं लगीन?" पार्वतीबाईंचा आवाज जरा वेगळाच आला.

"केलं की. देवयानीशी केलं. आणि मग शर्मिष्ठेशीही केलं, गुपचूप."

पार्वतीबाई उठल्या. पाटी काखेत मारली आणि कुणाशी न बोलता घराकडे चालू लागल्या. पाठोपाठ दुकानदार संगप्पाची बायको महानंदा उठली. जाताना मास्तरांसमोर थांबून म्हणाली, "माझी बदनामी करायला गाव कमी पडलं व्हय मास्तर, का आभाळात नेऊन लावलीत?"

सरजाबाई बसूनच होती. ती हळूच म्हणाली, "मास्तर, हे तुमाला कुणी सांगितलं?"

"पुराणात आहे."

"पुराणात? पंधरा दिसात पुराणात गेलं?"

मास्तर घरी आले तेव्हा बायको शिवकांता भाकरी थापत होती. वर्गात काय झालं ते ऐकून तिचे हात पिठातच थांबले.

"यव्वा! आवं, त्या दोघींचं भांडण झालेलं हाय. अगदी असंच. मळ्याच्या विहिरीवर."

मग तिनं सगळं सांगितलं. गावात पाणी राहिलं होतं ते एका मळ्याच्या विहिरीला. महानंदा आणि सरजाबाई, दोघींनी औशाच्या बाजारातून एकाच माणसाकडून हिरवी, तांबड्या काठाची लुगडी घेतली होती. धुणं वाळत घातलं होतं बोरीवर. वारा आला, लुगडी खाली पडली आणि महानंदा सरजाबाईचं लुगडं नेसून घराकडे निघाली. सरजाबाईनं अडवलं. "दुकानात तागडी मारता ते मारता, आता लोकाची लुगडी बी घालायला लागलाव?" महानंदा म्हणाली, "तुझ्या भाकरीतलं मीठ माझ्या दुकानातलं हाय, ते इसरू नको." आणि दिलं ढकलून. शेजारीच गावाचा जुना आड होता, वर्षानुवर्षं गाळानं भरलेला, कोरडा ठणठणीत. सरजाबाई त्यात गेली. पुरुषभर खोल, खाली पाचोळा, म्हणून नुसती खरचटली. सरपंच अण्णाराव त्याच वाटेनं येत होते. त्यांनी हात धरून तिला वर काढलं आणि पाहणाऱ्या दोघीतिघींना शपथ घातली, की ही गोष्ट गावात करायची नाही.

"हात कुठला धरला?" मास्तरांनी घाबरत विचारलं.

"उजवा."

"मग तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती न्हवं मला. आन तुमी आभाळातनं काढून सांगचाल, हे मला काय ठावं?"

मास्तरांना काही ठाऊक नव्हतं, हे गावाला मात्र पटलं नाही. मास्तर शिकलेले, त्यांना सगळं ठाऊक, त्यांनी मुद्दाम टोमणा मारला, असंच सगळ्यांचं मत झालं. कोण शर्मिष्ठा आणि कोण देवयानी, हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरासोरांनाही पाठ झालं. महानंदानं पाण्याला जायची वेळ बदलली. सरजाबाईच्या भावकीनं संगप्पाचं दुकान सोडलं आणि मिठासाठी औशाला जायला सुरुवात केली. सरजाबाईला आधी जरा बरं वाटलं होतं, कारण पुराणात देवयानीला हजार दासी मिळतात, असं कुणीतरी तिला सांगितलं. पण सगळं गाव आपल्या पडण्याची जागा बघून येतंय हे कळल्यावर तिनंही बाहेर पडणं सोडलं. वर्गाला तिसऱ्या दिवशी तिघी आल्या. त्यातली एक शिवकांता.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णाराव सरपंच शाळेत आले. चेहरा उतरलेला होता.

"मास्तर, चार दिस झाले. घरात मला कुणी वाढंना. जेवायला बसलो की बायको म्हणती, तिकडं तुमच्या देवयानीकडं जावा."

"अहो, पण ते पुराणातलं…"

"मला पुराण सांगू नका. म्या पडलेल्या बाईला हात दिला, ह्यो गुन्हा हाय का? आता एक करा, त्या चांदण्याचं नाव बदला."

"ते माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात हाय?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. तेवढ्यात अण्णारावांनाच उत्तर सुचलं. "दरखास्त लिवा. आता काय उस्मानाबादला जायचं न्हाई, लातूर आपलं सवताचं झालंय. नवा जिल्हा हाय, नव्या जिल्ह्यात नवी नावं पडायलीत. एक चांदणी बदलायला काय लागतंय?"

"लोक हसतील, अण्णा."

"हसू द्या. न्हाईतर मला वर कळवावं लागंल, की मास्तर बायकांत भांडणं लावायलाय."

बदलीच्या भीतीनं मास्तर मऊ झाले. बदली झाली तर थेट कर्नाटकाच्या शिवेवर, हे नक्की. त्यांनी विचार केला, अर्ज असा लिहावा की अण्णारावांचं समाधान व्हावं आणि वाचणाऱ्याला काहीच कळू नये. सरकारी भाषेत ही सोय असतेच. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी अर्ज लिहून काढला:

"विषय: उत्तरेकडील शर्मिष्ठा हिचे प्रकरणी. विनंती अर्ज करण्यात येतो की, मौजे हाळंबी येथे उत्तरेकडील शर्मिष्ठा वृषपर्वा हिने देवयानी हीस कोरड्या विहिरीत ढकलून दिल्याचे कथन झाल्यावरून गावात अशांतता माजली असून, पाणवठ्यावर जाणे-येणे बंद झाले आहे. तरी सदर प्रकरणी त्वरित योग्य ती कार्यवाही होऊन गावास दिलासा मिळावा."

अण्णारावांनी अर्ज वाचून घेतला, मान डोलावली आणि शिक्का मारला. "नाव बदलायचं ह्यात कुठं हाय?"

"'योग्य ती कार्यवाही' यात सगळं येतं."

अर्ज लातूरला गेला. मास्तरांना खात्री होती की तो कुठल्या तरी गठ्ठ्याखाली शांतपणे झोपेल, आणि तोवर गाव हे सगळं विसरेल.

आठव्या दिवशी दुपारच्या एसटीनं एक तरुण माणूस हाळंबीच्या फाट्यावर उतरला. खांद्याला पिशवी, हातात मोजायची टेप. टंचाईच्या कामांवरचा ओव्हरसियर होता तो. नाव साहेबराव. मुळातच साहेब आणि वर राव, त्यामुळे गावकऱ्यांना हाक मारायला सोपं गेलं.

"उत्तरेकडील शर्मिष्ठा प्रकरण हेच गाव ना?" त्यानं पारावर विचारलं.

पारावरचे लोक उठून उभे राहिले. एक जण शाळेकडे पळाला, दुसरा सरपंचांकडे. मास्तर आले ते घाम पुसतच.

"साहेब, तुम्ही एवढे लगेच?"

"लगेच म्हणजे? माणूस पडलेला कोरडा आड, कोरडी विहीर, आठ दिवसांच्या आत बघायची असा हुकूम आहे. जागा धोक्याची असेल तर गाळ काढून खोल करायची, वर कठडा बांधायचा. तुमचा अर्ज सगळ्यात वर होता." साहेबरावांनी कागद काढला. "ही शर्मिष्ठा वृषपर्वा कोण? वृषपर्वा हे आडनाव काय? मी पहिल्यांदाच ऐकलं."

"त्यांच्याकडलं हाय," अण्णाराव घाईनं म्हणाले. "साहेब, आधी आड बघा. लई वाईट हालत हाय."

आडाकडे जाताना त्यांनी मास्तरांचा दंड धरून त्यांना मागं ओढलं. "मास्तर, त्याच आडासाठी म्या तीन येळा साधी दरखास्त केली. कुणी फिरकलं न्हाई. तुमच्या चांदणीनं माणूस दारात आणून उभा केला. आता तोंड उघडू नका."

सगळं गाव मागोमाग आलं. साहेबरावांनी आडात टेप सोडली, दगड टाकून पाहिला, भोवती फिरून मातीचा रंग पाहिला. "खाली झरा असणार. गाळ काढला तर पाणी लागेल," ते म्हणाले, आणि बायकांच्या घोळक्यातून एक हुंकार उठला. एकाच विहिरीवर हंडे घेऊन ताटकळणाऱ्या बायका होत्या त्या.

"आता पडलेली बाई दाखवा," साहेबरावांनी वही उघडली. "ढकलणारीशी मला काही कर्तव्य नाही. ते पोलिसांचं काम. मला पडलेली बाई आणि तिचा जबाब पाहिजे. देवयानी कोण?"

अण्णारावांनी मास्तरांच्या पायावर पाय ठेवला. पण मास्तर मुळात मास्तर होते. समोरचा माणूस वहीत लिहून घेणार आणि आपण चूक सांगणार, हे त्यांना झेपेना.

"साहेब," ते पाय सोडवून घेत म्हणाले, "शर्मिष्ठा ही बाई नाही. देवयानीही नाही. त्या चांदण्या आहेत. ती पुराणातली गोष्ट आहे. अर्ज मी लिहिला, चूक माझी आहे."

साहेबरावांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. दुपारचे तीन वाजले होते. आभाळात काहीच नव्हतं.

"म्हणजे या आडात कुणीच पडलं नाही?"

मास्तर सरपंचांकडे पाहू लागले.

"मग मी लातूरहून आलो कशाला? मास्तर, अशी पन्नास गावं थांबलीत माझ्यासाठी." त्यांनी टेप गुंडाळायला घेतली. टेप लांब होती. ती आत जाताना करकर वाजत होती, आणि सगळं गाव तो आवाज ऐकत उभं होतं. अण्णारावांनी तोंड उघडलं. समोर पार्वतीबाई उभ्या दिसल्या. त्यांनी तोंड मिटलं.

"थांबा साहेब." सरजाबाई घोळक्यातून पुढं आली. पदर डोक्यावर नीट ओढला. "म्या पडले. महिना व्हायला आला. ह्याच आडात."

"तुमचं नाव देवयानी?"

"न्हाई. सरजाबाई. पर पडले मात्र खरं. हे कोपर बगा."

साहेबरावांनी कोपर पाहिलं. खरचटल्याची खूण अजून होती. "कशा पडलात?"

"पाय घसरला."

"खोटं बोलायली ती!" मागून महानंदा ओरडली. लोक बाजूला झाले आणि ती पुढं आली. "साहेब, पाय न्हाई घसरला. म्या ढकललं तिला."

"हिनं न्हाई ढकललं. माझाच पाय घसरला."

"अगं ढकललं म्हणते न्हवं! सगळ्या गावानं इतके दिस मला शर्मिष्ठा केलं, आन आता म्हणतीस घसरले?"

"तुझ्या अंगात कुठली गं एवढी ताकद? हिचा हात लागायच्या आदीच मी घसरले, साहेब. लिवा."

"लिवू नका साहेब! हात लागला, आन जोरात लागला!"

साहेबरावांची पेन्सिल एकदा इकडे, एकदा तिकडे होत होती. शेवटी त्यांनी विचारलं, "बरं, वर कुणी काढलं?"

अण्णाराव आपल्या चपलांकडे पाहू लागले. ते पाहून पार्वतीबाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी काढलं. मपल्या मालकानं. उजवा हात धरून काढलं. ते बी लिवा, म्हणजे एकदाचं मिटलं."

"हात कुठला हे लिहायची गरज नाही, बाई."

"गरज हाय," पार्वतीबाई म्हणाल्या. "लिवा, आन खाली लिवा की सरपंचांनी काम चांगलं केलं."

साहेबरावांनी लिहिलं. मग त्यांनी अर्ज पुन्हा एकदा डोळ्यांसमोर धरला. "मास्तर, हा आड गावाच्या कुठल्या अंगाला?"

"उत्तरेला."

"कोरडा आहे. बाई पडलेली आहे. गावात अशांतता आहे, ती मी पाहिली. मग अर्जात खोटं काय आहे? नावं तेवढी वरची आहेत." आणि त्यांनी कागद वहीत ठेवून दिला.

त्या दिवशी अण्णाराव घरी पोटभर जेवले, असं त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलं.

संक्रांत झाली आणि काम सुरू झालं. गावातल्याच माणसांना मजुरी मिळाली. सरजाबाई आणि महानंदा टोपल्या टाकायला एकाच रांगेत उभ्या राहिल्या. कुणी मुद्दाम लावलं नव्हतं, गाळ काढणाऱ्याला दोघींची उंची सारखी पडली म्हणून. पहिला दिवसभर दोघी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी महानंदानं टोपली जरा जास्त भरली म्हणून सरजाबाई बोलली, आणि त्यानंतर दोघींचं तोंड बंदच झालं नाही. अडतीस फुटांवर झरा लागला. पाणी आधी गढूळ आलं, मग निवळ आलं. ते पाहायला साहेबराव मुद्दाम आले, आणि अंधार पडेपर्यंत थांबून मास्तरांकडून शर्मिष्ठाही पाहून गेले. ती आता वायव्येला खाली उतरली होती. "बाई लहान दिसते हो," ते म्हणाले, "मानानं काम मोठं केलं."

उन्हाळ्याच्या तोंडाला कठडा बांधून झाला आणि लातूरहून रंगारी आला. मंजुरीच्या कागदावर जसं होतं तसं त्यानं कठड्यावर मोठ्या निळ्या अक्षरात लिहिलं: "शर्मिष्ठा विहीर, मौजे हाळंबी."

त्याच संध्याकाळी सरजाबाई वर्गाला सगळ्यांच्या आधी येऊन बसली. मास्तर ओट्यावर चढले तशी म्हणाली, "मास्तर, दरखास्त लिवायची हाय."

"आता काय झालं?"

"काय झालं म्हणजे? पडले म्या. कोपर फुटलं माझं. आन नाव तिचं? देवयानी विहीर पायजे."

मास्तरांनी दोन्ही हात जोडले. "बाई, या जन्मात मी पुन्हा अर्ज लिहिणार नाही. तुम्हाला आता अक्षरं येतात. तुमचं तुम्ही लिहा."

सरजाबाईनं पाटी मांडीवर घेतली. 'विहीर' लिहिली. 'नाव' लिहिलं. मग 'श' लिहिला, 'र्मि' कसाबसा बसवला आणि थांबली. पुढचं अक्षर तिला येत नव्हतं. ओट्यावरच्या कुणाला येत असेल, असंही दिसत नव्हतं. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कंदिलाची काच पुसत होते, आणि ती पुसून संपत नव्हती.

"सरक," शेजारून महानंदा म्हणाली. तिनं पाटी ओढून घेतली आणि ष ला ठ जोडून ठसठशीत 'ष्ठा' काढला. "दुकानात बसून गिरवलंय म्या. सगळं गाव मला त्याच नावानं बोलवत होतं, म्हटलं निदान लिवता तरी यावं."

सरजाबाईनं अक्षर निरखून पाहिलं. "चांगलं आलंय की गं."

"मग काय. पुढं सांग, लिवते. 'शर्मिष्ठा हे नाव काढून'… कुणाचं घालायचं म्हणालीस?"

"देवयानीचं."

महानंदानं खाली वाकून देवयानीचं नाव लिहिलं, पाटी दूर धरून वाचली आणि सरजाबाईच्या हातात पेन्सिल दिली.

"सही तेवढी तू कर बाई," ती म्हणाली. "माझ्याविरुद्धच्या अर्जावर म्या सही केलेली बरी दिसायची न्हाई."